खडवलीकर

खडवलीकर हे त्यांचं आडनाव नव्हे. खडवली त्यांचं मूळ गाव नाही, सासुरवाडी नाही, तिथे त्यांनी प्लॉटही घेतलेला नाही. ते आमच्याच इमारतीत, डोंबिवली पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर राहतात. वय पन्नाशीच्या अलीकडे, नोकरी फोर्टमध्ये, स्वभाव चौकशीचा. नाव ठेवलं सोसायटीने. शनिवारी रात्री 'उद्या कुठे?' असं विचारलं की ते कधी कसारा म्हणायचे, कधी माळशेज, एकदा तर भंडारदरा म्हणाले होते. रविवारी दुपारी 'कुठवर जाऊन आलात?' याचं उत्तर मात्र ठरलेलं असायचं. खडवली. डोंबिवलीहून रस्त्याने तीसेक किलोमीटर. वर्षभर हे चाललं आणि तळमजल्यावरच्या पोरांनी त्यांचं बारसं करून टाकलं.

हा माणूस तुमच्याही इमारतीत असणार. ठाण्यात त्याला येऊरकर म्हणत असतील, बदलापुरात बारवीकर. 2020च्या टाळेबंदीत ही मंडळी एकदम उगवली. जिम बंद, लोकल बंद, रस्ते रिकामे. दुकानदार म्हणायचे, पैसे देऊन जा, सायकल आली की फोन करतो. गंमत अशी की ज्या अ‍ॅटलासच्या दांड्याखालून पाय घालून या पिढीने हाफ पायडल शिकलं, त्या अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना त्याच वर्षी 3 जूनला बंद पडला. 3 जून हा जागतिक सायकल दिन.

आमचे खडवलीकर मात्र टाळेबंदीतले नव्हेत. ते नंतरचे, व्याख्यानातले. डोंबिवलीकराच्या आयुष्याला कलाटणी मिळते ती बहुतेकदा व्याख्यानानेच. कुणी गडकोटांवरचं ऐकून बूट घेतो, कुणी बोन्सायवरचं ऐकून कुंड्या. खडवलीकर एका संध्याकाळी सायकलीवरचं ऐकून आले. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र हे महाजन बंधू 2015मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका'ला उतरले आणि अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतचे जवळजवळ 4800 किलोमीटर आळीपाळीने सायकल मारत नऊ दिवसांच्या आत गाठले. दोन वर्षांनी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पुरी केली. खडवलीकर सभागृहातून आले ते जिन्यातच मला म्हणाले, "म्हणजे आपल्या माणसांना जमतं हे." त्या 'आपल्या'मध्ये त्यांनी स्वतःलाही धरलंय हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. महिनाभराने सायकल आली तेव्हा आलं.

सायकलीची किंमत त्यांनी बायकोला निम्मी सांगितली आणि सासऱ्यांना त्याच्याही निम्मी. तरी सासरे हबकले. ते सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "स्टँड?"

"नसतो हिला."

"कॅरिअर?"

"नाही."

"मडगार्ड? घंटी?"

"ते वेगळं घ्यावं लागतं."

"मग एवढ्या पैशात तुम्हाला दिलं काय?"

"वजन नाही बघा हिला. एका हाताने उचला."

सासऱ्यांनी उचलली. खाली ठेवली. "म्हणजे नसण्याचेच पैसे," एवढं बोलून ते चहाकडे वळले.

स्टँड नसल्यामुळे सायकल हॉलमध्ये सोफ्याला टेकून राहू लागली. पाहुणे आले की आधी तिला हलवायचं, मग पाहुण्यांना बसवायचं. तळमजल्याचे आजोबा मूळचे पुण्याचे. त्यांना या सायकलीत काहीच नवल वाटलं नाही. त्यांच्या तरुणपणी सायकलीला पालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडायचा, आणि डबलसीट दिसली तर शिट्टी. "तुमच्या सायकलीला कोणी अडवत नाही ना? मग ती सायकलच नव्हे," असा निर्वाळा त्यांनी दिला.

मग कपडे आले. बुडाखाली गादी शिवलेली तंग चड्डी हा या प्रकारातल्या माणसाचा पहिला खरा धीर. लिफ्टमध्ये भल्या पहाटे फ्लोरोसंट पिवळ्या अंगरख्यातला आणि त्या चड्डीतला शेजारी दिसला की दुधाची पिशवी हातात धरून उभ्या असलेल्या बाईने कुठे बघावं? आमच्याकडे सगळ्यांनी छताकडे बघायचं ठरवलं. खडवलीकर मात्र निर्विकार. रस्त्यावरच्या भीतीने त्यांची लाज पार खाऊन टाकली होती.

कारण सायकल त्यांना येत होती, रस्ता येत नव्हता. लहानपणी चाळीसगावात तासावर भाड्याने घेतलेली सायकल त्यांनी हात सोडून चालवली होती. पण तिथे समोरून यायचा तो फार तर टांगा. आमच्याकडे मागून येतात. खडवलीकरांना भीती वाटायची ती मागच्याचीच. समोरचा ट्रक दिसतो तरी, मागचा नुसता ऐकू येतो. त्यात आपल्याकडचा हॉर्न म्हणजे 'बाजूला हो' एवढ्याचसाठी असतो असं नाही. रिक्षावाला भाडं हवंय का म्हणून वाजवतो, टेम्पोवाला ओळखीचा दिसला म्हणून, आणि बाइकवाला सिग्नल हिरवा व्हायच्या आधी, नुसत्या सवयीने. खडवलीकरांना मात्र प्रत्येक हॉर्न आपलंच नाव घेतोय असं वाटे. हॉर्न ऐकला की ते मान मागे वळवायचे. मान वळली की खांदा वळायचा, खांद्याबरोबर हात, हाताबरोबर हँडल. म्हणजे ज्याच्यापासून जीव वाचवायचा, नेमके त्याच्याच पुढ्यात.

नव्या सायकलवाल्याचं हे पहिलं दुखणं. त्यावर उतारा आहे. उजवीकडे मागे बघायचं तर उजवा हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवायचा आणि मग मान वळवायची, हँडल जागेवर राहतं. खडवलीकरांनी याचा सराव सोसायटीच्या आवारात केला. वॉचमन मागे उभा राहून बोटं दाखवणार, आणि यांनी सरळ रेषेत सायकल चालवत, मान वळवून, किती बोटं ते सांगायचं. वॉचमन बनेल. यांनी "तीन" म्हटलं की तो चार करायचा. त्या वादात एक तुळशीची कुंडी आणि चेअरमनसाहेबांच्या स्कूटरचा आरसा गेला. पण मान आणि हँडल यांची फारकत झाली. निदान आवारापुरती.

रस्त्यावर निघायचं तर गर्दी नको, म्हणून पहाटे पाचला निघायचं ठरलं. पहाटे पाचला गर्दी नसते. कुत्री असतात. दिवसभर दुकानाच्या पायरीवर निपचित पडलेलं कुत्रं पहाटे आपल्या हद्दीचं मालक होतं, आणि फिरतं चाक दिसलं की त्याला पोटरीची आठवण होते. खडवलीकर पहिल्या वेळी जीव खाऊन पळाले. आयुष्यातला सर्वांत जास्त वेग त्यांनी त्या दिवशी गाठला असं त्यांच्या घड्याळाने नोंदवलं आहे. पुढे त्यांना कळलं की पळालं तर कुत्रं मागे लागतं, थांबून उतरलं आणि सायकल मध्ये धरली तर त्याचा सगळा उत्साह मावळतो. चाकं फिरायची थांबली की खेळ संपला. ही युक्ती त्यांना फारच आवडली. उतरणे या क्रियेशी त्यांची ती पहिली मैत्री, पण ते नंतर.

कारण मधल्या काळात त्यांना न उतरता येण्याचा नाद लागला. बुटाच्या तळाला क्लीट आणि पायडलला खाच. बूट त्यात कट्‌कन अडकतो, आणि पाय वर ओढतानाही जोर लागतो. सोडवायला टाच बाहेरच्या बाजूला फिरवायची. हे वाचायला सोपं आहे. कल्याणच्या एका गजबजलेल्या चौकात सिग्नल लाल झाला, खडवलीकरांनी ब्रेक लावला, सायकल थांबली, आणि टाच कुठल्या बाजूला फिरवायची याचा विचार ते करत असतानाच, अजिबात वेग नसताना, कुणाचाही धक्का न लागता, उभ्याउभ्या आडवे झाले. शेजारच्या रिक्षातल्या काकूंनी रिक्षावाल्याला विचारलं, "अहो, यांना फिट आली का?" वाहतूक पोलीस धावत आला. यांचे पाय अजून पायडलात. पोलिसाने माणूस आणि सायकल एकत्रच उचलले, सरळ उभे केले आणि म्हणाला, "साहेब, बांधून कशाला घेता स्वतःला?" जगभरच्या सायकलवाल्यांनी या पायडलांवरून असं एकदा तरी पडलेलंच असतं, असं खडवलीकर आता अभिमानाने सांगतात. त्या दिवशी ते रिक्षाने घरी आले होते.

या प्रकारातल्या माणसाला आत्मविश्वास येतो तो आधी तोंडात. पायात यायला फार वेळ लागतो. तिसऱ्या महिन्यात खडवलीकर गॅलरीत उभे राहून कुणालाही मार्गदर्शन करू शकत होते. गटाराच्या कडेने चालवू नका, ते सांगत. कडेला जितके चिकटाल तितके मागचे तुम्हाला घासून जातील. त्यांना वाटतं, जागा आहे, निघू. त्यापेक्षा कडेपासून हातभर आत राहा, मग त्यांना तुम्हाला वळसा घालणं भाग पडतं. उभ्या गाडीच्या जवळून जाऊ नका, आतला माणूस मागे न बघता दार उघडतो. ट्रक डावीकडे वळत असेल तर त्याच्या डाव्या अंगाला चुकूनही शिरू नका, ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. रेल्वेचे रूळ काटकोनात ओलांडा. आणि खड्डा दिसला तर खड्ड्याकडे बघू नका, कारण नजर जाते तिथे चाक जातं, खड्ड्याच्या बाजूला बघा.

हे सगळं खरं आहे, अक्षर न् अक्षर. फक्त आमच्याकडे खड्ड्याच्या बाजूलाही खड्डाच असतो.

लांब पल्ल्याचे आकडे तर त्यांना तोंडपाठ. ब्रेव्हे नावाच्या मोहिमा असतात. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस, 600 चाळीस. चारही एका हंगामात केल्या की 'सुपर रँडोनर'. ते बोटांवर हिशेब करून दाखवत की तासाला पंधरा किलोमीटरच्या वर पडत नाहीत, चहा प्यायला वेळ उरतो. पुढच्या वर्षी, ते म्हणत. जून 2025मध्ये इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा उघडला आणि आमच्या उंबरठ्यापासून नागपूरपर्यंतचा 701 किलोमीटरचा रस्ता सलग झाला, तेव्हा खडवलीकरांनी उत्साहाने चौकशी केली. त्यावर दुचाकींनाही प्रवेश नाही, सायकलीची बातच सोडा. "नाहीतर नागपूर काढलं असतं," ते म्हणाले आणि सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्यात दुःख किती आणि सुटका किती, हे मी मोजत बसलो नाही.

तर खडवली.

त्यांचा मार्ग ठरलेला. डोंबिवलीहून पत्री पुलावरून कल्याण, शहाडचा पूल, मग मुरबाड रस्त्याने कांबा, रायते, गोवेली. गोवेली नाक्याला डावीकडे वळून टिटवाळा. तिथे महागणपतीला रस्त्यावरूनच नमस्कार (चड्डी तशी असल्यामुळे आत जात नाहीत), आणि पुढे गावांमधून खडवली. भातसा नदी, स्टेशनाबाहेर वडापाव, चहा. पावसाळ्यात इथे नदीवर इतकी झुंबड उडते आणि दरवर्षी इतके जीव जातात की बंदीचे आदेश काढावे लागतात. खडवलीकर नदीत पाय घालत नाहीत. ते थेट फलाटावर जातात, सामानाचं तिकीट काढून कसाऱ्याहून येणाऱ्या लोकलच्या मालडब्यात सायकल चढवतात आणि परत येतात.

दर रविवारी. जाताना सायकल, येताना लोकल.

"कसारा म्हणाला होतात ना?" असं कुणी हटकलं की त्यांच्याकडे उत्तर तयार असे. "रेल्वेचं बघा. ऑक्टोबर 1855मध्ये गाडी कल्याणहून वासिंदपर्यंत पोचली. खडवलीच्या पुढचं स्टेशन. कसारा गाठायला जानेवारी 1861 उजाडलं. इंग्रजांना सव्वापाच वर्षं लागली. मला अजून दीडच झालंय."

मालडब्यात त्यांचा चांगला जम बसला. कसाऱ्याकडून येणाऱ्या बायका पाट्या घेऊन बसलेल्या असत, हंगामाप्रमाणे करवंदं, शेवळं, करटोली. रिकाम्या किटल्या घेतलेले दूधवाले असत. पहिल्या काही रविवारी त्यांना वाटलं, सायकल बिघडली असेल. मग वाटलं, माणूस बिघडला असेल. शेवटी एका बाईने विचारलंच, "दादा, ती सायकल जाताना तुम्हाला नेती आणि येताना तुम्ही तिला आणता, असं ठरलंय का?" दूधवाला म्हणाला, "साहेब, त्यापेक्षा जातानाही लोकलनेच जात जा. हवा खाऊन यायचं." खडवलीकर हसले आणि पावशेर शेवळं घेऊन आले. दोन रविवारांनंतर घरी बायको वाट बघायची ती भाजीची.

एका रविवारी ते हातातलं घड्याळ बंद करायला विसरले. त्या घड्याळाला जोडलेलं स्ट्राव्हा नावाचं अ‍ॅप तुम्ही किती वेगाने कुठून कुठे गेलात ते टिपतं आणि त्या टप्प्यावरच्या बाकीच्यांशी तुमची तुलना करतं. लोकल सुटली, घड्याळ मोजत राहिलं. आंबिवली ते शहाड या पट्ट्यात खडवलीकर पहिले आले. चढाचा परिणाम नाही, वळणावर वेग कमी नाही, आणि स्टेशनात थांबलेले ते अर्धं मिनिट म्हणजे शिस्तीत पाणी प्यायले असावेत. सोमवारी फोर्टमध्ये पोचेपर्यंत अनोळखी लोकांची अभिनंदनं आली होती. एका तरुणाने विचारलं, "सर, ट्रेनिंग कसं करता?" कल्याणच्या कुणा खवचट सायकलवाल्याने नकाशा मोठा करून बघितला तर हा गृहस्थ थेट रुळांवरून गेलेला. बुधवारी विक्रम काढून घेतला गेला. पण दोन दिवस का होईना, ते पहिले होते, आणि ते चित्र त्यांनी फोनमध्ये जपून ठेवलंय.

लोकलने का येतात, याचं कारण आम्ही सगळे 'दमतात' असं धरून चाललो होतो. खरं कारण त्यांनी कोजागरीच्या रात्री गच्चीवर मला सांगितलं. मसाल्याच्या दुधाचा दुसरा पेला चालू होता. "दमत नाही हो मी," ते हळूच म्हणाले. "चाळीस किलोमीटर अजून काढीन. पण गोवेलीला उजवीकडे वळावं लागतं."

मला कळेना. मग त्यांनी गच्चीच्या कठड्यावर बोटाने नकाशा काढला. जाताना गोवेलीला डावं वळण. डावीकडेच राहायचं, डावीकडेच वळायचं, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. येताना तेच वळण उजवं होतं. म्हणजे कडेवरून रस्त्याच्या मध्यात यायचं, माळशेजकडून सुसाट येणारे भाजीचे टेम्पो आणि कल्याणहून सहलीला निघालेल्या गाड्या यांच्या मधोमध थांबायचं, मागे बघायचं, उजवा हात काढायचा, आणि सगळे आपल्याला पाहताहेत असं धरून वळायचं. "एवढंच जमत नाही. तिथवर जाऊन दोनदा मागे फिरलो. म्हणून खडवलीहूनच गाडी पकडतो."

मी म्हटलं, मग पडघ्याच्या बाजूने या. त्यांनी नुसती मान हलवली. खडवलीहून पडघ्याकडे जाणारा रस्ता नाशिक महामार्गाला जिथे मिळतो, त्या खडवली फाट्यावर जुलै 2023मध्ये एका कंटेनरने प्रवाशांनी भरलेली जीप फरफटत नेली होती. कॉलेजला निघालेली पोरं होती तीत. माणसं गेली. तो फाटा टाळणाऱ्याला भित्रा म्हणायची माझी तरी तयारी नाही. आपल्या रस्त्यांवर ज्याला भीती वाटत नाही, त्याच्या शहाणपणाचीच मला शंका येते. खडवलीकरांची भीती अगदी रास्त होती. लपवायची काय ती तेवढी गरज नव्हती, पण सुपर रँडोनर होऊ घातलेला माणूस 'मला उजवीकडे वळता येत नाही' हे चारचौघांत कसं सांगणार?

हे असंच चालू राहिलं असतं. पण एका रविवारी मेगाब्लॉक निघाला.

डोंबिवलीचा माणूस मेगाब्लॉक न बघता घराबाहेर पडतो हे मला अजून खरं वाटत नाही. बहुतेक सायकलवर निघाल्यामुळे आपण लोकलचे प्रवासी आहोत हे ते विसरले असावेत. खडवलीच्या फलाटावर पोचले तर घोषणा चालू. पुढची गाडी दुपारनंतर. त्यांनी दोन वडापाव खाल्ले, दोन चहा घेतले, बायकोला फोन केला. वहिनी म्हणाल्या, "अहो, सायकल आहे ना जवळ?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

टिटवाळ्यापर्यंत ते आरामात आले. गोवेलीला नाक्याच्या अलीकडे थांबले. पुढचा वृत्तान्त त्यांच्याच तोंडचा आहे, म्हणून थोडा कमी-जास्त धरा. ते कडेला उभे होते. एक संधी गेली, दुसरी गेली, एक एसटी गेली. टपरीवाल्याने विचारलं, "कुणाची वाट बघताय?" तेवढ्यात मागून बकऱ्यांचा कळप आला. मागे काठीवाला म्हातारा, कानाला चिमटीएवढा रेडिओ. त्याने रस्त्याकडे बघितलंही नाही. बकऱ्या रस्त्यावर उतरल्या, टेम्पो थांबले, गाड्या थांबल्या. खडवलीकरांना एकदम पहाटेचं कुत्रं आठवलं. ते उतरले, सायकल सीटला धरली आणि बकऱ्यांबरोबर चालू लागले. पिवळा अंगरखा, तंग चड्डी, हेल्मेट, आणि भोवती दहा-पंधरा बकऱ्या. एका बकरीने अंगरख्याचं टोक चावून बघितलं. पलीकडे पोचल्यावर म्हातारा म्हणाला, "वळायचं व्हतं व्हय? मग उतरायचं की आधीच."

शहाडच्या पुलावरही ते उतरले. कडेकडेने ढकलत नेली. कल्याणच्या चौकात, जिथे फिट आली होती, तिथेही उतरले. पत्री पूल मात्र चालवत आले. दुपारी एकला घामाने भिजून आवारात शिरले तेव्हा वॉचमनने सवयीने विचारलं, "स्टेशनवरून?" त्यांनी घड्याळ दाखवलं. नकाशावर जाताना एक रेघ आणि येताना तीच रेघ परत. रुळावरून नव्हे, रस्त्यावरून.

त्या दिवसानंतर माणूस बदलला म्हणावं तर फारसा नाही. कपडे तेच, आकडे तेच. फक्त दोन गोष्टी झाल्या. अडकवायची पायडलं काढून त्यांनी साधी बसवली, ज्यावरून वाटेल तेव्हा पाय खाली टेकवता येतो. आणि गॅलरीतलं व्याख्यान आखूड झालं. आता नवं कुणी विचारायला आलं तर चाकातल्या हवेच्या दाबावर ते तासभर बोलत नाहीत. "घाबरलात की उतरायचं," एवढंच सांगतात. "चौक पायी ओलांडायचा. सायकल रागावत नाही." या बेतावर आमच्या इमारतीत आता चार सायकली झाल्या आहेत. त्यांतली एक वहिनींची, जुनी लेडीज, स्टँड, कॅरिअर, पुढे टोपली आणि मोठी घंटी असलेली. त्या रोज बाजारातून भाजी आणतात. उजवीकडे वळताना त्या मागे बघतही नाहीत. घंटी वाजवत राहतात, वळून होईपर्यंत. रिक्षावाले थांबतात. यामागचं तंत्र खडवलीकरांना अजून कळलेलं नाही, आणि त्यांनी ते करूही नये असं माझं मत आहे.

गंमत म्हणजे न उतरता वळणंही त्यांना आपोआप जमू लागलंय. उतरायला आपण मोकळे आहोत हे एकदा ठरल्यावर हात सुटून बाहेर येतो, मान वळते, हँडल जागेवर राहतं. दर वेळी नाही. पाऊस असेल, टेम्पो जास्त असतील तर ते अजून खाली उतरतात, आणि उतरलो म्हणून सांगतातही. मालडब्यातल्या बायका मात्र नाराज आहेत. एकीने दूधवाल्याबरोबर निरोप धाडला की शेवळांचा हंगाम आला, दादांना म्हणावं ब्लॉक नाहीये.

तळमजल्यावरच्या पोरांनी त्यांचं नाव बदलून गोवेलीकर करायचा ठराव मांडला होता. तो नामंजूर झाला, कारण लेटरबॉक्सवर आता खडवलीकर असं रंगवून झालंय.

तर वाचकहो, पावसाळी रविवारी तुम्ही माळशेजला निघाला असाल आणि मुरबाड रस्त्यावर तुमच्या पुढे पिवळ्या अंगरख्यातला, कडेपासून हातभर आत राहून चालवणारा एक गृहस्थ दिसला, तर एवढं करा. वेग कमी करा, त्याला चांगला दीड मीटर सोडून वळसा घाला आणि निघून जा. हॉर्न तेवढा वाजवू नका. तो मागे वळून बघेल, आणि मागे वळून बघितल्यावर हँडल कुठे जातं ते मी वर सांगितलंच आहे.